१३ जुलै आणि फ्रेडी मर्क्युरी : पाचगणीच्या शाळेत पियानो शिकलेल्या पोराने २१ मिनिटांत जग कसं जिंकलं

पाचगणी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? टेबल लँड, घोडेवाले, स्ट्रॉबेरी, पसरणीच्या घाटातली वळणं आणि महाबळेश्वरला जाताना घेतलेला चहाचा थांबा. थोडं जास्त माहिती असणारे लोक आणखी एक गोष्ट सांगतात, ती म्हणजे इथल्या बोर्डिंग शाळा. ब्रिटिशांच्या काळापासून श्रीमंत आणि परदेशात राहणाऱ्या लोकांची पोरं इथे शिकायला येतात.

अशाच एका शाळेत, सेंट पीटर्समध्ये, १९५० च्या दशकात आफ्रिकेतून आलेला एक पारशी पोरगा शिकत होता. दात पुढे आलेले, स्वभावाने लाजाळू आणि टेबल टेनिसमध्ये तरबेज. शाळेतल्या पोरांनी एक बँड काढला होता, त्यात तो मागे बसून पियानो वाजवायचा. पुढे उभं राहून गाणारा दुसराच कुणी होता.

मागे बसणारा हा पोरगा म्हणजे फारुख बुलसारा. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. क्वीन या ब्रिटिश बँडचा तो मुख्य गायक. जगातल्या सर्वांत भारी रॉक गायकांची यादी काढायला बसलं तर त्याचं नाव टाळून पुढे जाता येत नाही.

त्याच्या आयुष्यात १३ जुलै ही तारीख दोनदा महत्त्वाची ठरली. पहिल्यांदा १९७३ मध्ये, तेव्हा त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्यांदा १९८५ मध्ये, तेव्हा अख्खं जग टीव्हीसमोर बसून त्याच्याकडे बघत होतं. मध्ये गेली बरोबर बारा वर्षं. आपल्याकडे बारा वर्षांना एक तप म्हणतात. त्या एका तपाची आणि त्याच्या आगेमागे घडलेल्या गोष्टींची ही कहाणी.

बलसाडचं आडनाव, झांजीबारचा जन्म

फारुखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा. गाव होतं आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या झांजीबार बेटावरचं स्टोन टाऊन. तेव्हा झांजीबार ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होतं. वडील बोमी बुलसारा तिथे सरकारी नोकरीत कॅशियर होते. आईचं नाव जेर. सहा वर्षांनी धाकटी बहीण कश्मिरा झाली.

आता पारशी कुटुंब झांजीबारला कसं पोहोचलं? तर गुजरात, मुंबई आणि पूर्व आफ्रिका हा जुना दर्यावर्दी मार्ग. व्यापारासाठी आणि पुढे ब्रिटिशांच्या नोकरीसाठी हजारो भारतीय तिकडे गेले. बुलसारा हे आडनावच सांगतं की घराणं मूळचं बलसाडचं, म्हणजे आजच्या गुजरातमधल्या वलसाडचं. पारशी लोक इराणमधून पहिल्यांदा ज्या संजाण बंदरात उतरले असं मानतात, ते संजाणही याच जिल्ह्यात येतं.

पोराला चांगलं इंग्रजी शिक्षण मिळावं म्हणून आईवडिलांनी त्याला भारतात पाठवायचं ठरवलं. मुंबईत आजी आणि मावशी-आत्या असा गोतावळा होता, त्यामुळे सुट्टीत राहण्याचा प्रश्न नव्हता. १९५५ च्या सुरुवातीला, वयाच्या आठव्या वर्षी, तो पाचगणीला दाखल झाला.

आज विमानाने काही तासांचा असणारा हा प्रवास तेव्हा समुद्रमार्गे होता. एकदा शाळेत आलं की घर लांब राहायचं. छोट्या सुट्टीत बाकीची पोरं आपापल्या घरी जायची, पण झांजीबारला जाऊन परत येणं काही दर वेळी जमणारं नव्हतं. आठ वर्षांच्या पोरासाठी ही गोष्ट सोपी नव्हती. पण याच शाळेने त्याला दोन गोष्टी दिल्या, ज्या आयुष्यभर टिकल्या.

नाव आणि पियानो

पहिली गोष्ट म्हणजे नाव. फारुख हे नाव शाळेत मागे पडलं आणि मित्र त्याला फ्रेडी म्हणायला लागले. हळूहळू घरच्यांनीही तेच नाव उचललं.

दुसरी गोष्ट म्हणजे पियानो. एकदा ऐकलेलं गाणं हा पोरगा जसंच्या तसं पियानोवर वाजवून दाखवतो, हे शाळेतल्यांच्या लक्षात आलं. मुख्याध्यापकांनी त्याच्या आईवडिलांना पत्र लिहिलं. थोडी जास्तीची फी भरली तर फ्रेडीला रीतसर संगीत शिकवता येईल, असा त्याचा सार होता. बुलसारा कुटुंब काही गडगंज नव्हतं, तरी आईवडिलांनी होकार दिला. फ्रेडीने पियानोच्या चौथ्या ग्रेडपर्यंतच्या परीक्षा दिल्या आणि शाळेच्या गायनवृंदात तो गाऊ लागला. नाटकात काम करायचा, चित्रं काढायचा, खेळातही बक्षिसं मिळवायचा.

१९५८ च्या सुमारास, बारा वर्षांचा असताना, त्याने आणि चार मित्रांनी मिळून एक बँड काढला. नाव ठेवलं द हेक्टिक्स. क्लिफ रिचर्ड आणि लिटिल रिचर्ड यांची गाणी ही पोरं वाजवायची. त्या काळात भारतात पाश्चात्त्य गाणी ऐकायची तर रेडिओ सिलोन हा मोठा आधार होता. रेडिओवर ऐकायचं आणि शाळेच्या कार्यक्रमात वाजवायचं, असा सगळा मामला. दुसऱ्या बाजूला मुंबईत हिंदी सिनेमाची गाणी कानावर पडत होतीच. लता मंगेशकरांचा आवाज त्याला आवडायचा, असं त्याच्याबद्दल लिहिणारे आवर्जून सांगतात.

द हेक्टिक्समधली पोरंही पुढे कुठच्या कुठे गेली. त्यातला डेरिक ब्रांच इंग्लंडमध्ये अभिनेता झाला. तिथल्या एका गाजलेल्या विनोदी मालिकेत तो हॉस्पिटलमधला नर्स झाला होता आणि त्या पात्राचं आडनाव होतं चक्क गुप्ते. दुसरा व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात मोठा अधिकारी झाला आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख म्हणून त्याने काम केलं.

फ्रेडीच्या तोंडात वरच्या बाजूला चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर यायचे. पोरं त्यावरून चिडवायची. बोलताना, हसताना ओठांनी दात झाकायची सवय त्याला लागली आणि ती शेवटपर्यंत राहिली. पुढे हातात बक्कळ पैसा आला तरी त्याने दात काढून घेतले नाहीत. दात काढले तर आवाज बदलेल, अशी त्याला भीती होती.

झांजीबार सुटलं, नाव बदललं

१९६३ मध्ये फ्रेडी पाचगणी सोडून झांजीबारला परतला. पण तिथे वेगळंच चित्र तयार होत होतं. डिसेंबर १९६३ मध्ये झांजीबार स्वतंत्र झालं आणि १२ जानेवारी १९६४ ला तिथे क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथली. अरब आणि भारतीय वंशाच्या लोकांवर हल्ले झाले, हजारो माणसं मारली गेली. बुलसारा कुटुंबाने हातात मावेल तेवढं सामान घेतलं आणि इंग्लंड गाठलं. फ्रेडी तेव्हा सतरा वर्षांचा होता.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टहॅम भागात हे कुटुंब राहू लागलं. फ्रेडीने ईलिंगच्या आर्ट कॉलेजमध्ये ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा केला. खर्चासाठी विमानतळावर सामान उचलायचं कामही केलं. केन्सिंग्टनच्या बाजारात तो रॉजर टेलर नावाच्या दोस्ताबरोबर जुने कपडे विकायचा.

हा रॉजर टेलर ड्रम वाजवायचा. त्याचा स्माइल नावाचा बँड होता आणि त्यात गिटारवर होता ब्रायन मे, खगोलशास्त्राचा अभ्यास करणारा हुशार गडी. त्यांचा गायक टिम स्टाफेल हा फ्रेडीचा कॉलेजातला मित्र. फ्रेडी त्यांच्या कार्यक्रमांना जायचा आणि कार्यक्रम कसा करायला पाहिजे यावर न मागता सल्ले द्यायचा. १९७० मध्ये स्टाफेल बँड सोडून गेला, तेव्हा सल्ले देणारा फ्रेडीच त्याच्या जागी उभा राहिला.

बँडला क्वीन हे नाव त्यानेच दिलं. पुढे बँडचं राजेशाही थाटाचं चिन्हही त्यानेच काढलं. त्यात चौघांच्या राशींची चित्रं आहेत : दोन सिंह, एक खेकडा आणि कन्या राशीसाठी दोन पऱ्या. कन्या रास त्याची स्वतःची. १९७१ मध्ये बास गिटार वाजवणारा जॉन डिकन आला आणि चौकडी पूर्ण झाली.

याच काळात त्याने आडनाव बदललं. ब्रायन मे सांगतो त्याप्रमाणे, मर्क्युरी हा शब्द फ्रेडीच्याच एका गाण्यातून आला. त्या गाण्यात मर्क्युरी नावाच्या आईचा उल्लेख होता आणि ती आपलीच आई आहे, असं म्हणत त्याने ते नाव स्वतःला लावून घेतलं. म्हणजे जन्मनाव घरच्यांनी दिलं, फ्रेडी हे नाव पाचगणीने दिलं आणि मर्क्युरी हे त्याने स्वतः घेतलं. बुलसारा मात्र घराच्या दारापाशी थांबलं. बाहेरच्या जगाशी बोलताना तो झांजीबार, पाचगणी, मुंबई यांचा विषय शक्यतो काढायचाच नाही.

त्याने असं का केलं, यावर बरीच चर्चा होते. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला पाहिजे. ते १९७० चं इंग्लंड होतं. दक्षिण आशियातून आलेल्या लोकांना रस्त्यात मारहाण व्हायची आणि स्थलांतरितांच्या विरोधात मोठमोठी भाषणं व्हायची. अशा देशात रॉक स्टार होऊ बघणाऱ्या पोराला बुलसारा हे आडनाव कितपत उपयोगी पडलं असतं, याचा अंदाज करता येतो.

पहिली १३ जुलै : शुक्रवार, १९७३

क्वीनला स्टुडिओ मिळाला, पण तो कसा? लंडनचा ट्रायडंट हा नावाजलेला स्टुडिओ. तिथे मोठ्या कलाकारांचं काम संपलं आणि जागा रिकामी असली की या पोरांना बोलावणं यायचं. मग रात्री-अपरात्री जाऊन रेकॉर्डिंग करायचं. असं तुकड्या-तुकड्यांत काम होऊन १९७२ च्या अखेरीस अल्बम तयार झाला. त्यानंतर तो काढायला कंपनी मिळेपर्यंत महिने गेले.

शेवटी १३ जुलै १९७३ ला क्वीन याच नावाचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये बाजारात आला. तो दिवस होता शुक्रवार. तेरा तारीख आणि शुक्रवार एकत्र आले की तिकडचे लोक अपशकून मानतात, आपल्याकडे मांजर आडवं गेल्यावर मानतात तसं. झालंही तसंच. आठवडाभर आधी आलेलं अल्बममधलं पहिलं गाणं खपाच्या यादीत कुठेच नव्हतं, अल्बमचीही तीच गत झाली. समीक्षकांनी फारसं मनावर घेतलं नाही. फ्रेडीचं वय तेव्हा २६ होतं.

इथेच बरेच बँड संपतात. क्वीनचं वेगळेपण असं की ही पोरं लगेच दुसऱ्या अल्बमच्या कामाला लागली. १९७४ मध्ये दुसऱ्या अल्बममधलं एक गाणं ब्रिटनच्या पहिल्या दहात आलं आणि मग लोक पहिला अल्बमही शोधायला लागले. त्याच वर्षी किलर क्वीन हे गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

३१ ऑक्टोबर १९७५ ला आलं बोहेमियन ऱ्हॅप्सडी. जवळपास सहा मिनिटांचं गाणं, अर्धं ऑपेरासारखं आणि अर्धं रॉक. नेहमी पुन्हा पुन्हा येणारं ध्रुवपद त्यात नाही. रेडिओवर तीन मिनिटांची गाणी चालायची, त्यामुळे हे कुणी वाजवणार नाही असं जाणकार सांगत होते. केनी एव्हरेट नावाच्या रेडिओ निवेदकाने शनिवार-रविवार मिळून ते चौदा वेळा वाजवलं, अशी आठवण सांगतात. गाणं ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्याची सुरुवात पियानोने होते आणि तो पियानो फ्रेडी स्वतः वाजवतो.

वरती गेलेली गाडी खाली येते तेव्हा

१९७७ मध्ये क्वीनची दोन गाणी आली, जी आजही जगातल्या कुठल्याही स्टेडियममध्ये वाजतात. एकात पायांनी आणि टाळ्यांनी ठेका धरायचा, दुसरं कप जिंकल्यावर गायचं. १९८१ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोमध्ये त्यांना ऐकायला लाखाच्या वर लोक आले.

पण १९८२ पासून गाडी घसरायला लागली. हॉट स्पेस या अल्बममध्ये त्यांनी डिस्कोचा बाज आणला, तो जुन्या चाहत्यांना रुचला नाही. १९८४ मध्ये एका गाण्याच्या व्हिडिओत चौघांनी बायकांचे कपडे घातले. ब्रिटनमध्ये लोक हसले, अमेरिकेत मात्र नाराजी पसरली.

सर्वांत मोठी चूक झाली ऑक्टोबर १९८४ मध्ये. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णद्वेषी राजवट होती आणि कलाकारांनी तिथे जाऊ नये असं संयुक्त राष्ट्रांचं आवाहन होतं. क्वीनने तिथल्या सन सिटी या रिसॉर्टमध्ये कार्यक्रम केले. आपण राजकारणात पडत नाही, लोकांसाठी वाजवतो, अशी त्यांची बाजू होती. ती फार कुणाला पटली नाही. ब्रिटनच्या संगीतकार संघटनेने दंड केला, संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत नाव गेलं. वंशाच्या नावावर झालेल्या हिंसेमुळे घर सोडावं लागलेला माणूस त्या मंचावर उभा राहिला होता. त्याच्या आयुष्यातली ही गोष्ट आजही अवघड जाते.

१९८५ उजाडलं तेव्हा रिओच्या महोत्सवात त्यांना अफाट गर्दी मिळाली खरी, पण चौघेही थकले होते. फ्रेडीने स्वतःचा वेगळा अल्बम काढला होता. क्वीन फुटणार, अशी कुजबुज सुरू झाली होती.

दुसरी १३ जुलै : शनिवार, १९८५

इथिओपियात १९८३ पासून भीषण दुष्काळ पडला होता. भुकेने मरणाऱ्या मुलांची दृश्यं ब्रिटिश टीव्हीवर दिसली आणि बॉब गेल्डॉफ हा आयरिश गायक हादरला. त्याने मिज युरबरोबर आधी एक गाणं काढून पैसे उभे केले. त्या गाण्यात ब्रिटनचे झाडून सगळे मोठे गायक होते, क्वीन नव्हता. मग गेल्डॉफने आणखी मोठा घाट घातला. एकाच दिवशी लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम आणि अमेरिकेतलं फिलाडेल्फिया इथे कार्यक्रम करायचा आणि उपग्रहावरून तो जगभर दाखवायचा. नाव ठेवलं लाइव्ह एड. तारीख ठरली १३ जुलै.

डेव्हिड बोवी, एल्टन जॉन, पॉल मॅकार्टनी, यू टू, मॅडोना, बॉब डिलन अशी नावं होती. फिल कॉलिन्स तर लंडनमध्ये गाऊन काँकॉर्ड विमानाने अमेरिकेला गेला आणि तिथेही वाजवून आला. वेम्ब्लीत ७२,००० लोक होते. टीव्हीवर शंभराहून जास्त देशांत अब्जावधी लोकांनी कार्यक्रम पाहिला असा अंदाज सांगतात.

अडचण अशी होती की प्रत्येकाला मिळणार होती जेमतेम वीस मिनिटं. लाइट आणि धुराचा खेळ नाही, कारण भर दिवसा गायचं. बऱ्याच जणांनी हा कार्यक्रम सहज घेतला. कुणी नवी गाणी म्हटली, कुणाची तयारी कमी पडली.

क्वीनने तो गृहपाठासारखा केला. लंडनमधलं एक नाट्यगृह घेऊन त्यांनी काही दिवस तालीम केली. लोकांना माहीत असलेलीच गाणी निवडली, ती कापून छोटी केली आणि एकाला एक जोडली. कुठल्या गाण्याला किती मिनिटं आणि कुठे श्वास घ्यायचा, हे सगळं घड्याळ लावून बसवलं.

संध्याकाळी पावणेसातच्या आसपास फ्रेडी मंचावर आला. अंगात पांढरी बनियन, फिकट निळी जीन्स, दंडावर पट्टा आणि ओठांवर मिशी. धावत येऊन तो आधी पियानोपाशी बसला आणि बोहेमियन ऱ्हॅप्सडीची सुरुवात केली. पहिल्या काही सुरांतच स्टेडियम त्याच्याबरोबर गायला लागलं. दुसऱ्या गाण्यात ७२,००० लोकांचे हात एकाच वेळी वर जाऊन टाळी वाजवत होते. ते सगळे क्वीनसाठी आलेले नव्हते, तरीही.

मग त्याने एक साधी गोष्ट केली. वाद्यं थांबवली आणि नुसता आवाज लावला, शब्द नसलेला. लोकांनी तो परत दिला. त्याने थोडा वर नेला, लोकांनीही नेला. आपल्याकडे कीर्तनकार एक ओळ टाकतो आणि मागे टाळकरी ती उचलतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे टाळकरी ७२,००० होते आणि त्यांची भाषा कुणालाही कळणारी होती. तो एक लांबवलेला सूर आजही रॉक संगीताच्या इतिहासातल्या ठळक क्षणांत मोजला जातो.

सुमारे २१ मिनिटांत सगळं संपलं. रात्री फ्रेडी आणि ब्रायन मे पुन्हा मंचावर आले. या वेळी फक्त एक गिटार आणि एक आवाज, शांत गाणं. पण दिवस कुणाचा होता हे तोवर ठरलं होतं. २००५ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरने कलाकार, पत्रकार आणि संगीतक्षेत्रातल्या लोकांना विचारलं, तेव्हा क्वीनच्या या २१ मिनिटांना आजवरचा सर्वोत्तम रॉक कार्यक्रम म्हणून कौल मिळाला. ब्राझीलमध्ये तर १३ जुलै हा रॉक दिन म्हणून साजरा होतो. त्याचं मूळ याच लाइव्ह एडमध्ये आहे.

या दिवसाने क्वीन फुटायची वाचली. पुढच्याच वर्षी त्यांनी युरोपचा मोठा दौरा केला, तेव्हा कम्युनिस्ट असलेल्या हंगेरीतही वाजवलं. ९ ऑगस्ट १९८६ ला इंग्लंडमधल्या नेबवर्थला लाखाहून जास्त लोकांसमोर कार्यक्रम झाला. फ्रेडीचा क्वीनबरोबरचा तो शेवटचा मोठा मंच ठरला. त्याच्या हयातीत क्वीन भारतात कधीच वाजली नाही.

सिनेमात दाखवलं ते आणि झालं ते

२०१८ मध्ये बोहेमियन ऱ्हॅप्सडी नावाचा सिनेमा आला. फ्रेडीचं काम करणाऱ्या रॅमी मॅलेकला ऑस्कर मिळालं. सिनेमा संपतो लाइव्ह एडवर. त्यात असं दाखवलंय की फ्रेडीला एचआयव्ही झाल्याचं आधीच कळलेलं असतं आणि तो ते मनात ठेवून मंचावर जातो. पाहताना अंगावर काटा येतो, पण प्रत्यक्षात क्रम वेगळा होता. त्याच्या जवळच्या लोकांनी सांगितल्याप्रमाणे निदान झालं १९८७ मध्ये, म्हणजे लाइव्ह एडनंतर जवळपास दोन वर्षांनी.

फ्रेडीचं खासगी आयुष्य कायम पडद्याआड राहिलं. तरुणपणी मेरी ऑस्टिनबरोबर तो काही वर्षं राहिला. आपल्याला पुरुषांबद्दल ओढ वाटते हे त्याने तिला सांगितल्यावर ते वेगळे झाले, तरी तिच्याशी मैत्री शेवटपर्यंत राहिली. अखेरच्या वर्षांत जिम हटन हा त्याचा जोडीदार होता. घरी तो पारशी संस्कारांच्या आईवडिलांचा मुलगा होता आणि या गोष्टींवर तिथे उघड बोलणं होत नसे.

तेव्हा एड्सवर परिणामकारक औषधं नव्हती. आजार झाला की माणूस जाणार, हे जवळपास ठरलेलं असायचं. वर लोक नावं ठेवायचे ते वेगळंच. ब्रिटनची वर्तमानपत्रं त्याच्या घराबाहेर ठाण मांडून बसली, खंगलेल्या चेहऱ्याचे फोटो छापू लागली. फ्रेडी काही बोलला नाही, त्याने काम वाढवलं. स्पेनची ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये हिच्याबरोबर बार्सिलोना हा अल्बम केला. चालणं अवघड झालं तेव्हाही स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या स्टुडिओत जाऊन तो गात राहिला. आपण गेल्यावर बाकी तिघांना गाणी पूर्ण करता यावीत, म्हणून जमेल तेवढा आवाज त्याने रेकॉर्ड करून ठेवला. तो अल्बम १९९५ मध्ये आला.

२३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने निवेदन काढून आपल्याला एड्स झाल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी, २४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, लंडनच्या घरी त्याचा मृत्यू झाला. वय होतं ४५.

२७ नोव्हेंबरला अंत्यसंस्कार झाले. जगाला ज्याचा धर्म, गाव, खरं आडनाव फारसं माहीत नव्हतं, त्या माणसासाठी पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या. मर्क्युरीने जे घराच्या दारापाशी थांबवलं होतं, ते शेवटच्या दिवशी त्याच्याबरोबर होतं.

मागे काय राहिलं

त्याच्या मृत्यूनंतर बोहेमियन ऱ्हॅप्सडी पुन्हा बाजारात आणलं गेलं आणि पुन्हा ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याचे पैसे एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मिळाले. २० एप्रिल १९९२ ला त्याच वेम्ब्ली स्टेडियममध्ये त्याच्या आठवणीत कार्यक्रम झाला आणि त्यातून मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला. हा ट्रस्ट जगभरात एड्सविरोधी कामाला पैसा पुरवतो. लपवावा लागलेला आजार त्याच्या नावामुळे घराघरात बोलला जाऊ लागला, हे या सगळ्यातलं मोठं काम.

त्याच्या सत्तराव्या जयंतीला, २०१६ मध्ये, एका लघुग्रहाला त्याचं नाव देण्यात आलं. ही बातमी सांगितली ब्रायन मेने. गिटार वाजवता वाजवता अर्धवट सुटलेली खगोलशास्त्राची पीएचडी त्याने तोवर पूर्णही केली होती.

आणि पियानो? ज्या यामाहा पियानोवर बसून फ्रेडीने बोहेमियन ऱ्हॅप्सडी बांधलं, तो सप्टेंबर २०२३ मध्ये लंडनला लिलावात निघाला. घरातल्या वस्तू मेरी ऑस्टिनने विकायला काढल्या होत्या. पियानोला १७ लाख पौंडांहून जास्त किंमत आली. लिलावाच्या रकमेतला काही वाटा एड्सवर काम करणाऱ्या संस्थांना गेला.

फ्रेडीच्या नावापुढे आज स्टेडियम, लिलाव, ऑस्कर अशा मोठमोठ्या गोष्टी लागतात. पण त्याची सुरुवात शोधायला गेलं तर ती सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत, मुख्याध्यापकांनी पाठवलेल्या पत्रात आणि दूर झांजीबारमध्ये बसून जास्तीची फी भरायला तयार झालेल्या एका कॅशियरच्या होकारात सापडते.